मूल हरवतं आणि गाव नदीकडे धावतं

वेल्समधल्या मखन्हलेथ या छोट्या गावातून १ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी पाच वर्षांची एक मुलगी दिसेनाशी झाली. ती घराजवळच खेळत होती. एका मैत्रिणीने तिला गाडीत बसताना पाहिलं होतं. बातमी पसरली तशी शेकडो माणसं विजेऱ्या घेऊन रात्रीच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी एका माणसाला धरलं. मुलगी चुकून आपल्या गाडीखाली आली, पुढे तिचं काय केलं ते आठवत नाही, असं तो सांगू लागला. गावाजवळून डव्ही नदी वाहते आणि त्या दिवसांत ती पावसाने फुगलेली होती. पाणबुडे, तटरक्षक दल, डोंगरी बचाव पथकं असे सगळे तिथे उतरले. नदी, तिचं मुख, काठची रानं, जुन्या खाणींची विवरं, काही म्हणून सोडलं नाही. ब्रिटिश पोलिसांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध ठरला. तो एप्रिल २०१३ मध्ये थांबवला, तेव्हाही नदीने काहीच दिलं नव्हतं.

पुरावा घरात होता. त्या माणसाच्या घरात मुलीचं रक्त सापडलं आणि शेगडीत लहान मुलाच्या कवटीचे असावेत असे हाडांचे बारीक तुकडे मिळाले. ३० मे २०१३ रोजी न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि मरेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा दिली.

मग नदीतले ते सगळे दिवस वाया गेले का? मला तसं वाटत नाही. नदी सोडून दिली असती तर ‘वाहून गेली असेल’ हा संशय त्या गावाच्या मनातून कधीच गेला नसता, आणि बचावाच्या वकिलालाही तो कामी आला असता. मूल नदीतच आहे अशी खात्री झाल्यावर नदी शोधायची, असं नसतं. ते तिथे आहे की नाही, याचा निकाल लावायला ती शोधायची असते. ‘इथे नाही’ हे उत्तर भरवशाने देता आलं, तर तोही शोध पुरा झाला. अट एकच. नदीत शोध चालू असताना जमिनीवरचा तपास एक तासही थांबता कामा नये.

आपल्याकडे नेमकं हेच चुकतं. महाराष्ट्रातली बहुतेक जुनी गावं नदी-ओढ्याच्या काठी वसलेली. पोर दिसेना म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी घाटाकडे पळतं. काठावर एखादी चप्पल दिसली की गावाचं ठरून जातं, गेलं पाण्यात. तिथून पुढे बसथांब्यावर कोणी विचारत नाही, दुकानांतले कॅमेरे कोणी पाहत नाही, रस्त्यावरून गेलेल्या गाड्यांचा माग कोणी काढत नाही. चप्पल तिथे आठ दिवसांपूर्वी विसरलेली असू शकते. ती दुसऱ्याच मुलाची असू शकते. कोणी मुद्दाम ठेवलेलीही असू शकते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत मुलाचं अपहरण झालं आहे किंवा त्याला तस्करीत ओढलं आहे असं धरूनच तपास करायचा. म्हणून अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की पोलीस नुसती ‘मिसिंग’ नोंद करून थांबत नाहीत, अपहरणाचं कलम लावतात. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं ३६३ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७. नदीकाठी बोट आली म्हणून यातलं काही बाजूला पडत नाही. ‘आधी नदी बघू, मग तक्रार घेऊ’ असं कोणी म्हणालं, तर आईबापांनी ते ऐकून घेऊ नये. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८, हे दोन्ही क्रमांक त्याच वेळी लावावेत.

नदीकडे कधी आणि किती घाईने जायचं, हे मुलाच्या वयावरून बरंच ठरतं. हरवलेली माणसं कशी वागतात याचा अभ्यास अमेरिकेतल्या रॉबर्ट कोस्टर यांनी हजारो नोंदी तपासून केला. २००८ साली आलेलं त्यांचं पुस्तक आज बचाव पथकं हाताशी ठेवतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आपण हरवलो आहोत हेच कळत नसतं. ते भटकत जातं आणि दमलं की झुडपात, कणगीमागे, गाडीखाली शिरून झोपतं. हाकांना ओ देत नाही. चार ते सहा वर्षांची मुलं अनोळखी आवाजात नाव ऐकून उलट लपून बसतात, कारण अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. शंभर माणसं हाका मारत शेतातून गेली आणि मूल जवळच्याच उसात गप्प बसून होतं, असं यामुळे होतं. स्वमग्न मुलांचं मात्र निराळं. त्यांतल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि घरातून निसटलेल्या अशा मुलांचे मृत्यू सर्वाधिक बुडूनच होतात. असं मूल हरवलं तर आसपासचं प्रत्येक पाणी, म्हणजे नदी, विहीर, शेततळं, बांधकामावरचा हौद, पहिल्या काही मिनिटांतच बघायला हवं. तिथे कशाचीही वाट बघायची नाही.

आणि पाण्यात पडलेलं मूल लगेच गेलं असं धरायचं नाही. जून १९८६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात अडीच वर्षांची एक मुलगी बर्फाच्या पाण्याच्या ओढ्यात पडली. तिला बाहेर काढलं तेव्हा ती किमान ६६ मिनिटं पाण्याखाली होती. शरीराचं तापमान १९ अंशांवर आलेलं, नाडी नाही, श्वास नाही. डॉक्टरांनी तिचं रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू गरम केलं आणि ती पूर्ण बरी झाली. लहान शरीर झपाट्याने गार पडतं, मेंदूची प्राणवायूची गरज घटते, म्हणून हे घडलं. आपल्या नद्यांचं पाणी असं गार नसतं. इथे हातात मोजकी मिनिटं असतात. तरीही नाडी लागत नाही म्हणून मुलाला काठावर झाकून ठेवणं हा गुन्हाच आहे. श्वास देत, छाती दाबत, दवाखान्यापर्यंत न्यायलाच हवं. उलटं धरून गरगर फिरवणं, पोटावर दाब देऊन पाणी काढणं यांत हाताशी असलेली मिनिटं तेवढी जातात.

जिवंत सापडण्याची वेळ टळल्यावर शोधाचं स्वरूप बदलतं. इथून पुढचं लिहिणं कठीण आहे. पण हे कोणी समजावून सांगत नाही, म्हणूनच काठावर बसलेल्या आईबापांना नाही नाही त्या अफवा ऐकाव्या लागतात.

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते. फुफ्फुसातली हवा जाऊन तिथे पाणी भरलं की शरीर तळाला जातं. पाणी संथ आणि खोल असेल तर ते बुडाल्या जागेपासून फार दूर जात नाही, कारण वरचं पाणी वेगाने धावत असलं तरी तळालगतचा प्रवाह मंद असतो. म्हणून जाणती माणसं आधी एकच विचारतात, शेवटचं कुठे दिसलं? साक्षीदाराला पोलीस ठाण्यात बसवून जबाब घेण्याआधी त्याला तो जिथे उभा होता तिथेच परत उभं करावं आणि बोट दाखवायला सांगावं. समोरच्या काठावरचं झाड किंवा खांब त्या रेषेत धरला की जागा पक्की होते. दोन साक्षीदार असतील तर दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या जागी पहिली बुडी मारायची.

पुढे शरीरात जंतूंमुळे वायू तयार होतात आणि ते वर येतं. किती दिवसांनी, हे पाण्याच्या उष्णतेवर ठरतं. बर्फाळ पाण्यात ते कधीच वर न येण्याचीही शक्यता असते. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर बुडालेल्यांना परत देत नाही, अशी ख्याती आहे ती यामुळेच. मे महिन्यातल्या आपल्या धरणात मात्र दोन दिवस पुरतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला, दोन लहानग्यांसह सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शोधत होतेच, पण बहुतेक मृतदेह सापडले ते २३ मेच्या सकाळी, पाण्यावर आल्यानंतर. नारळ वाहिला म्हणून नदीने परत दिलं, असं काठावरची म्हातारी माणसं म्हणतात. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही, पण वेळ ठरवतं ते पाण्याचं तापमान.

वाहत्या नदीत हा हिशेब अवघड होतो, आणि तिथे काठच्या माणसाइतकी नदी कोणालाच ठाऊक नसते. मासेमारी करणारे भोई आणि कोळी तिची नस ओळखून असतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला ओढ असते आणि काठ आतून पोखरलेला असतो. आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि आणलेलं सगळं तिथे टाकतं. पुराने पाडलेली झाडं आणि बाभळीच्या फांद्या पाणी जाऊ देतात, पण शरीर अडवून धरतात. कुकडीच्या पात्रात निघोजला आहेत तसे रांजणखळगे, खडकातल्या कपारी, जलपर्णीचे गालिचे, वाळू उपशाने पडलेले आणि पृष्ठभागावरून अजिबात न दिसणारे खड्डे, हे सगळं आधी कागदावर यायला हवं. बंधाऱ्याखालची जागा सर्वांत फसवी. फळ्यांवरून पडणारं पाणी खाली उलटं फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येतं आणि आत सापडलेली वस्तू कितीतरी वेळ तिथल्या तिथे घोळवत ठेवतं.

सावित्री नदीचा अनुभव आठवून बघा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहनं पुरात गेली. मृतदेह खाडीतून थेट समुद्रापर्यंत गेले, काही हरिहरेश्वर-आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक लावून पात्र चाचपडलं. आठवडा उलटून गेल्यावर नौदलाच्या पाणबुड्यांना पहिल्या एसटीचा सांगाडा मिळाला, पुलापासून जेमतेम दोनशे मीटरांच्या आत. जड वस्तू जवळ राहिली, हलकी समुद्राला मिळाली. मुलाच्या शोधातही पुराच्या दिवसांत अशी दोन्ही टोकं एकाच वेळी धरावी लागतात. एक पथक पडल्या जागेपासून इंचाइंचाने खाली सरकतं, दुसरं पुढच्या पुलांवर, बंधाऱ्यांवर, संगमावर नजर ठेवून बसतं.

धरणाखालच्या नदीत आणखी एक गोष्ट हाती असते, ती म्हणजे पाणीच कमी करणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनजवळून अकरा वर्षांची मुलगी शाळेला निघाली आणि शाळेत पोचलीच नाही. संशयिताच्या फोनच्या नोंदींवरून तपास ट्रिनिटी नदीच्या एका पट्ट्यापर्यंत आला. तेव्हा वरच्या धरणाचा विसर्ग कमी करायला लावून पाण्याची पातळी खाली आणली, आणि पाचव्या दिवशी तिचा मृतदेह पात्रात मिळाला. तो दगडाला बांधलेला होता, म्हणजे आपणहून वर येण्याची वाट पाहत बसले असते तर हाती काही लागलं नसतं. इथे नदीची जागा दाखवली ती जमिनीवरच्या तपासाने. या प्रकरणातली हीच बाब मला सर्वांत मोलाची वाटते.

विसर्गाची दुसरी बाजूही आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीत फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे चोवीस विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांचा शोध कित्येक आठवडे चालला. आपल्याकडे शोधपथक पात्रात असताना वरच्या धरणावर, कालव्यावर, वीजगृहावर कोण आहे आणि पुढचं पाणी कधी सुटणार, हे पाटबंधारे खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

प्रत्यक्ष बुडी कशी असते ते थोडं जवळून पाहू. गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःच्या काचेसमोरचा हातही दिसत नाही. डोळ्यांचं काम तो बोटांनी करतो. कंबरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या जोडीदाराच्या हातात. दोर ताणून धरत पाणबुड्या तळावरून अर्धवर्तुळात सरकतो, एका हाताने पुढचा गाळ चाचपडत. दगड, फाटकं जाळं, पोतं, निर्माल्याची गाठोडी, मूर्तीचा तुकडा, पुन्हा दगड. अर्धवर्तुळ संपलं की जोडीदार दोराला ठरलेले हिसके देतो, एखाद-दीड हात दोर सोडतो, आणि पाणबुड्या उलट्या दिशेने पुढचं अर्धवर्तुळ घेतो. दोराला ढील पडली की मधली पट्टी सुटली, म्हणून काठावरच्या माणसाचं लक्ष क्षणभरही हलता कामा नये. पाणबुड्या थंडीने आणि मनावरच्या ताणाने लवकर थकतो, आणि थकलेली बोटं चुकतात.

लोखंडी आकडे बांधलेला दोर ओढत नेण्याची जुनी रीत आजही गावोगाव चालते. संथ, मोकळ्या डोहात तिचा उपयोग होतो. पण आकड्याने शरीराला झालेली इजा आधीची की नंतरची हे शवविच्छेदनात उलगडणं कठीण जातं, म्हणून घातपाताचा जराही संशय असेल तर आकडा टाकण्याआधी पोलिसांना विचारावं. मोठ्या पाण्यात सोनार कामी येतं. बोटीमागे ओढलेलं यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून तळाचं चित्र पडद्यावर उमटतं. त्यात वस्तूपेक्षा तिची सावली वाचायची असते. विजेरी आडवी धरली की जमिनीवरच्या लहान खड्याचीही लांब सावली पडते, तसं ते दिसतं. गढूळ पाण्याचा त्याला अडथळा नाही, पण खडकाळ उथळ पात्रात ते निकामी. प्रशिक्षित कुत्री पाण्याखालून वर येणारा वास बोटीच्या टोकाला बसून हुंगतात. तो वास प्रवाहाने आणि वाऱ्याने सरकलेला असतो, म्हणून कुत्रं भुंकलं ती जागा अचूक नसते, तिथून वरच्या अंगाला बघायचं.

यातली कुठलीही रीत वापरली तरी ‘हा पट्टा झाला’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. समजा एखाद्या पट्ट्यात मूल असतं तर ते सापडलंच असतं याची शक्यता, पाण्याची स्थिती पाहता, शंभरात साठ होती. मग एकदा शोधून काही मिळालं नाही तरी शंभरात चाळीस वेळा आपण हुकलेले असणार. तेवढ्याच बारकाईने दुसऱ्यांदा शोधलं तर हुकण्याची शक्यता सोळावर येते, तिसऱ्यांदा सुमारे सहावर. म्हणून चांगला पथकप्रमुख नकाशावर नुसती बरोबरची खूण करत नाही. कोणी शोधलं, कशाने, पाणी किती होतं, तळ कसा होता, हे लिहितो. आपल्याकडे ही नोंद क्वचितच राहते. सकाळी एका पथकाने काढलेला डोह दुपारी दुसरं पथक काढतं आणि मधली खडकाळ कपार दोघांकडूनही सुटते.

हे काम करणाऱ्यांच्या जिवाचं मोल सांगायलाच हवं. २२ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची धुळ्याची तुकडी शोधासाठी उतरली. पाण्याच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि तिघे जवान गेले. प्रशिक्षित, गणवेशातली, शोधासाठीच नेमलेली माणसं होती ती. मग गावातला पट्टीचा पोहणारा पोरगा, कोणीतरी ‘उतर रे’ म्हटलं म्हणून बनियनवर पाण्यात शिरतो, तेव्हा आपण त्याच्याकडून काय मागतो आहोत? दोर, जीवरक्षक जाकीट, खालच्या अंगाला उभी एक होडी, एवढं जमेपर्यंत त्याला थांबवणं हे काठावरच्या वडीलधाऱ्यांचं काम आहे.

राहतात ते आईबाप. ते काठावर बसलेले असतात आणि त्यांना काही कळत नसतं. बोट लांब दिसते, गर्दी हलते, मोबाइलवर कोणीतरी ‘सापडला’ म्हणून पाठवतं, आणि ते खोटं निघतं. ब्रिटनमध्ये अशा कुटुंबासाठी एक पोलीस अधिकारी वेगळा नेमतात. त्याचं काम कुटुंबाला खरं ते सांगणं आणि त्यांच्याकडून कळलेलं तपासापर्यंत नेणं. आपल्याकडे नदीकाठी हे काम कोणाचंच नसतं. ते पोलीस पाटलाकडे द्यावं, कारण त्याला घरही माहीत असतं आणि नदीही. रोज अंधार पडला की त्याने आईबापांजवळ बसून सांगावं: आज कुठून कुठपर्यंत पाहिलं, कितव्यांदा पाहिलं, काय राहिलं, उद्या किती वाजता सुरू होणार, रात्री धरणातून पाणी सुटणार आहे का. आणि लगेच पुढे हेही सांगावं, की बसथांब्यावरचे कॅमेरे पाहून झाले का, त्या दिवशी गावात आलेल्या गाड्यांचं काय झालं, शेजारच्या जिल्ह्यांत मुलाचा फोटो पोचला का.